पातोडीचा पंचनामा

आमच्या साहेबांकडे दोन वह्या असायच्या. एक काळ्या पुठ्ठ्याची, एक लाल. काळ्या वहीत ते लोकांच्या घरातून काय काय उचललं ते लिहायचे, आणि लाल वहीत त्याच लोकांना स्वयंपाक कसा करता ते विचारून लिहायचे. दोन्ही वह्या सांभाळायचं काम माझं. एकाच पिशवीत, कार्बन पेपर आणि शाईच्या पॅडसोबत. ही दोन्ही कामं साहेब एकाच दिवशी, एकाच गावात, कधी कधी तर एकाच ओसरीवर बसून करायचे. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? आम्ही ऑफिसात साहेब म्हणत होतो. गावातले काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गडचिरोली तेव्हा नवानवा जिल्हा झाला होता. ऑफिसं सगळी भाड्याच्या घरांत. आमच्या ऑफिसच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड रूम होती आणि न्हाणीघरात टायपिस्ट बसायची. साहेब देवघरात बसायचे. भिंतीतला कोनाडा तसाच होता, त्यात त्यांनी शिक्के मांडले होते. आल्या आल्या ते त्या शिक्क्यांवरून फडकं फिरवायचे आणि मगच खुर्चीवर टेकायचे.

आमचं मुख्य काम लाखोरी धरायचं. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्या झाडीपट्टीत धान कापायच्या आधीच ओल्या बांदीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरी फेकून देतात. ना पाणी, ना खत, ती आपली आपण उगवते. गरिबाची डाळ. दुष्काळात दुसरं काहीच मिळालं नाही आणि महिनोन् महिने नुसती तीच खाल्ली, तर पाय लुळे पडतात म्हणतात, म्हणून सरकारनं ती विकायला बंदी घातली होती. पेरायला बंदी नव्हती, घरी खायला नव्हती, विकायला होती. हा फरक कायद्याला समजत होता, गावातल्या अंगठेबहाद्दरालाही समजत होता. फक्त आमच्या साहेबांना समजत नव्हता. कोणाच्या घरात एक पोतं दिसलं की साहेबांचे डोळे चमकायचे.

पोतं बाहेर काढलं की भाषण. "ही डाळ नाही, हे विष आहे. हे खाऊन माणूस लंगडा होतो. आपल्या लेकराबाळांचा विचार करा." भाषण शुद्ध मराठीत, कारण त्यांचा समज असा होता की शुद्ध बोललं की खरं वाटतं. स्वतः इथलेच, वैनगंगेच्या पलीकडचे, पण ऑफिसात कधी 'मले-तुले' तोंडातून निघू द्यायचे नाहीत. आमच्यातला कोणी 'काऊन साहेब' म्हणाला की 'का हो साहेब' असं दुरुस्त करून मग उत्तर द्यायचे.

एकदा एका गावात भाषण रंगात आलं असताना एक म्हातारबुवा पुढे आला. धोतर खोचलं आणि म्हणाला, "साहेब, मी सत्तरीच्या वर आहो. जलमभर हेच खाल्लं. चाला, त्या बांदीच्या टोकापर्यंत पळू. मी लंगडलो, त समदी डाळ घेऊन जा. नाई लंगडलो, त ठेवून जा."

शहाण्या माणसानं हसून सोडून दिलं असतं. साहेबांनी चप्पल काढली. बांदीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघं पळाले, सगळं गाव बघायला. म्हातारबुवा टोकाला जाऊन, परत येऊन, विडी पेटवून बसला, तरी साहेब अर्ध्या वाटेत चिखलातून पाय काढत होते. डाळ मात्र आम्ही घेऊनच आलो. साहेब म्हणाले, "शर्यत हा काही कायदा नाही." परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ड्रायव्हर तेवढा खोकत होता, पण तो खोकला नव्हता.

हा झाला काळ्या वहीचा माणूस. आता लाल वहीचा.

साहेबांना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. आईच्या हातची पातोडी. बेसन शिजवायचं, ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या, एवढंच ते. विदर्भात घरोघरी होते. पण साहेबांचं म्हणणं, आई गेली आणि पातोडी गेली. आई गेली तेव्हा ते नागपूरला शिकत होते. तिनं कोणाला काही सांगून ठेवलं नाही, आणि यांनी कधी विचारलं नाही. तेव्हापासून ती चव त्यांना कुठेच मिळाली नव्हती. "मी मरायच्या आधी एकदा ती पातोडी खाणार," असं ते बदलीबद्दल बोलावं तितक्या गंभीरपणे बोलायचे.

त्यासाठी काय काय केलं विचारू नका. पहिल्यांदा त्यांना वाटलं, फरक पाट्याचा आहे. म्हणून आईच्या गावचा पाटा-वरवंटा आणला आणि वर्षभर तो जीपमध्ये आमच्या पायाशी होता. खड्डा आला की वरवंटा आमच्या घोट्यावर. मग वाटलं, फरक पाण्याचा. वैनगंगेचं पाणी डब्यांतून यायला लागलं. मग लाकडाचा. मोहाच्या लाकडावर शिजवा, नाही जमत, ऐनाच्या लाकडावर शिजवा. मग मातीचं भांडं, मग कांस्याचं, मग पितळेचं. एकदा तर म्हणाले, "आईच्या हाताला मासळीचा वास असायचा, तोच पिठात उतरत असावा." त्यांचे वडील तलावावर मासे धरायचे आणि आई टोपलीत घालून विकायची. तर आता या वासाचं काय करायचं, यावर ऑफिसात अर्धा तास चर्चा झाली. स्टाफ मीटिंग म्हणून तिची नोंदसुद्धा आहे.

रविवारी आमची परीक्षा. साहेबांच्या घरी सगळ्या स्टाफनं जेवायला जायचं आणि नव्या पातोडीवर मत द्यायचं. मत काय देणार? 'छान आहे' म्हटलं तर साहेब चिडायचे, "छान कशी? ती ही नाही." 'छान नाही' म्हटलं तर वहिनी चिडायच्या. वहिनी नागपूरच्या. एका रविवारी त्यांनी कढई आमच्यासमोर आपटली आणि म्हणाल्या, "सासूबाई गेल्या, पण यांच्या जिभेवर बसून राह्यल्या. मी जिती आहे, मले कोणी विचारून नाई राह्यलं." साहेबांनी लाल वही उघडून लिहिलं, 'प्रयोग अयशस्वी. आच जास्त.'

आणि गावोगावची चौकशी. पोती जीपमध्ये चढली, पंचांच्या सह्या झाल्या की साहेब आतल्या बाईमाणसाला हाक मारायचे. आवाज एकदम मऊ. "काकू, जरा बसा. तुमच्याकडे पातोडी कशी करतात?"

अरे देवा! त्या बाईच्या घरातली वर्षाची डाळ आता उचलली आहे आणि हा माणूस पातोडी विचारतो आहे! बायका एकमेकींकडे बघायच्या. कारण आमच्या भागात जिच्या हाताला चव आहे ती पातोडी लाखोरीच्याच पिठाची करते. चण्याची होते कोरडी, खरखरीत. लाखोरीची जिभेवर ठेवली की विरघळते आणि मागे एक हिरवट, मातकट चव ठेवून जाते. हे इथल्या दहा वर्षांच्या पोरीला माहीत. पण ज्यानं लाखोरी धरायची त्याला हे सांगणार कोण?

म्हणून प्रत्येक बाई खोटं बोलायची. कोणी म्हणे चण्याची. कोणी म्हणे बरबटीची, म्हणजे चवळीची. एकीनं सांगितलं, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे दाणे भरडून करा. एका आजीबाईनं तर कमाल केली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "साहेब, तरोट्याचं बी भाजून टाकाचं, मंग पाहा मजा." तरोटा म्हणजे टाकळा, त्याच्या बियांनी पोट सुटतं. साहेबांनी रविवारी तेही करून पाहिलं. सोमवारी अर्धा स्टाफ रजेवर होता.

सगळी लाल वही अशा थापांनी भरली होती, आणि अक्षर मोत्यासारखं.

आता कोणी विचारेल, तुला माहीत होतं ना, मग तू का नाही बोललास? माहीत होतं. पहिल्या रविवारी पहिला घास घेतला तेव्हाच कळलं. पण माझी आई आरमोरीजवळच्या गावी राहायची आणि तिच्या घरात एक मोठी ढोली, म्हणजे धान्याची कणगी, लाखोरीनं भरलेली असायची. मी तोंड उघडलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, "तुम्हाला कसं माहीत?" मग माझ्याच आईच्या दारात पंचनामा, आणि तो लिहिणार कोण, तर मी. हे झालं एक कारण. दुसरं खरं सांगायचं तर मजा येत होती. ज्या डाळीसाठी हा माणूस तडफडतो आहे तीच डाळ रोज आमच्या मागे जीपमध्ये पोत्यात बसून येते आहे, हे बघायला मला बरं वाटायचं. पाच वर्षं मी ती गंमत एकट्यानं खाल्ली.

साहेबांना हे खरं सांगू शकेल असं एकच माणूस होतं. त्यांची मोठी बहीण. पण तिच्याशी बोलणं नव्हतं. वहिनींनी एकदा सांगितलं ते असं. साहेब चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, होते तेव्हा त्यांना खबर लागली की अमुक गावात एका घरी लाखोरी साठवली आहे. घर बहिणीचं. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण हे स्वतः गेले. भाऊ आला म्हणून तिनं पाय धुवायला पाणी आणलं, आणि यांनी उभ्या उभ्या भाषण केलं, पोती उचलली आणि मेहुण्यांची सही घेतली. त्या दिवाळीत भाऊबीज नाही, पुढच्या राखीपौर्णिमेला राखी नाही. आठ वर्षं झाली होती. साहेबांना विचारलं तर म्हणायचे, "मी माझं कर्तव्य केलं." पण राखीपौर्णिमेला ते हमखास रजा टाकायचे आणि घरीच बसायचे. मनगट कोणाला दिसू नये म्हणून, असं मला वाटतं.

मग बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. पोरीच्या मागे मामा उभा राहायला पाहिजे, त्याला काही इलाज नाही. पत्रिका आली. वर हळदकुंकू, खाली एकच ओळ: 'मामाची गरज आहे, यावे.' भाऊ नाही, आशीर्वाद नाही. साहेबांनी ती पत्रिका तीन दिवस शिक्क्यांच्या कोनाड्यात ठेवली. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही पण चला." एकट्यानं जायची हिंमत नव्हती, आणि वहिनींनी यायला साफ नकार दिला होता.

खाजगी कामाला सरकारी जीप साहेब कधी वापरायचे नाहीत, तेवढं त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला पाहिजे. एसटीनं निघालो. "पिशवी घेतली ना?" त्यांनी स्टँडवर विचारलं. मी म्हटलं, "साहेब, लग्नाला चाललो आपण." म्हणाले, "कर्तव्य सांगून येत नाही." घेतली पिशवी. दोन्ही वह्यांसकट.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पोचलो. मांडवाला जांभळीच्या डहाळ्या बांधणं सुरू होतं. बाई, म्हणजे साहेबांची बहीण, दारात उभी होती. ठेंगणी, पिकल्या केसांची, आवाज खणखणीत. मला म्हणाली, "या भाऊ, बसा." साहेबांना काहीच नाही. पाण्याचा लोटा माझ्यापुढे तिनं ठेवला आणि साहेबांपुढे भाचीनं. साहेब बाहेरगावच्या पाहुण्यासारखे भिंतीला टेकून बसले. मांडव कोणी बांधला, बँड कुठला, असं मेहुण्यांना विचारत होते. मेहुणे 'हो साहेब, नाई साहेब' करत होते. सख्ख्या मेहुण्याला साहेब म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग ताटं आली. भात, वांग्याची भाजी, आणि एका वाटीत रस्सा. रश्शात चार पातोड्या.

साहेबांनी सवयीनं आधी वास घेतला. मग एक तुकडा तोडून तोंडात घातला आणि थांबले. मी त्यांच्याकडे बघत होतो. पाच वर्षांत शेकडो पातोड्या खाताना पाहिलं होतं, दरवेळी दुसऱ्या घासाला कपाळाला आठी यायची. आज आठी आली नाही. दुसरी पातोडी खाल्ली. तिसरी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक वाहायला लागलं. "तिखट आहे," म्हणाले. तिखट मुळीच नव्हती, मीही तीच खात होतो.

मग मान वर न करता ते बोलले, आणि जी भाषा त्यांनी इतकी वर्षं दाबून ठेवली होती ती बाहेर आली. "बाई, हे त आईची आहे."

"आईचीच आहे. दुसऱ्या कोनाची असन?"

"मले काऊन नाई सापडली मंग? मी किती फिरलो. कशाची करते तू?"

बाईनं हातातली पळी खाली ठेवली. "तुले खरंच नाई मालूम?"

"आई चण्याची करे. मी दहादा करून पाह्यली चण्याची."

"चण्याची!" बाई हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "चणे कुठून येतीन रे आपल्या घरी? बाबा मासे धरे, आई गावात मासे देऊन लाखोरी आने. तेवढीच डाळ पाह्यली आपन. तू सातवीत होता. शाळेतून आला अन् म्हने, मास्तरनं सांगतलं, लाखोरीनं पाय जाते, मी नाई खात. दोन दिवस तोंडात अन्न नाई घेतलं तू. आई रडे. मंग तिसऱ्या दिवशी तिनं ताट वाढलं अन् म्हने, घे बाबू, चण्याची आणली खास तुह्यासाठी. तू खाल्ली. तवापासून आपल्या घरी चणेच होते, तुह्यापुरते. मले शपथ घातली होती, याले सांगशीन नोको."

मांडवावरचा माणूस डहाळी हातात धरून थांबला होता. खरं सांगतो, त्या वेळी मला माझी लाज वाटली. मी पाच वर्षं ज्याला हसत होतो तो माणूस माझ्या शेजारी सातवीतल्या पोरासारखा बसला होता.

"अन् मोठा होऊन," बाईचा आवाज चढला, "तू माह्याच घरी आला अन् आईची डाळ उचलून नेली. विष आहे म्हने. हे विष खाऊनच घडले तुहे पाय!"

साहेब उठले. उष्ट्या हातानंच आतल्या खोलीच्या दाराशी गेले. आत ढोली होती, बांबूची, शेणानं सारवलेली, आणि काठापर्यंत भरलेली. लाखोरी. सगळ्या गावाच्या पंगतीला पुरेल एवढी. मेहुण्यांनी मांडवाचा खांब धरला. हद्द आपल्या जिल्ह्याची नाही, डाळ विकायची नाही, उद्या लग्न आहे, असं मी मनात जुळवत होतो. पण हद्द आणि फरक साहेबांना कधी कळले होते?

"काढ," बाई म्हणाली. "काढ तुही काळी वही."

साहेब परत येऊन ताटावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वही काढा."

मी पिशवीत हात घातला. "कोणती, साहेब?"

"लाल."

मी लाल वही काढली. साहेबांनी घसा साफ केला आणि पुन्हा त्यांची ऑफिसची भाषा सुरू झाली. "लिहा. पातोडी. आईची. साहित्य. डाळीचं पीठ, दोन वाट्या."

पेन टेकवून मी विचारलं, "कशाची डाळ, साहेब?"

"चण्याची."

मी बाईकडे पाहिलं. बाई साहेबांकडे बघत होती.

"आई काय म्हणत होती?" साहेबांनी तिला विचारलं.

"चण्याची."

"मग?"

मी लिहिलं, चण्याची. बाईनं पळी उचलली. "आईवरच गेला मेला," असं म्हणून तिनं त्यांच्या वाटीत आणखी दोन पातोड्या टाकल्या, आणि पदरानं डोळे पुसले. पुसता पुसता भाचीला ओरडली की मामाले पाणी दे, पाहत काय उभी राह्यली.

दुसऱ्या दिवशी मामा पोरीच्या मागे उभा राहिला. अक्षता डोक्यावर पडत होत्या आणि साहेब रडत होते. लोक म्हणाले, भाचीवर जीव आहे.

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी धरली. वैनगंगा ओलांडली तेव्हा साहेब एकदम म्हणाले, "तुमच्या घरी आई कशाची करते पातोडी?"

माझ्या डोळ्यांपुढे आरमोरीजवळची ती ढोली आली. "चण्याची, साहेब."

"बाई म्हणाली तसल्या चण्याची?"

"हो साहेब."

"मग सोमवारी आणा डब्यात."

रविवारी मी गावी गेलो. आई म्हणाली, साहेबासाठी आहे त चण्याचीच करून देतो, भानगड नोको. मी म्हटलं, नाही, आपली नेहमीची कर. सोमवारी दुपारी साहेबांनी दार लावून घेतलं आणि अख्खा डबा खाल्ला. डबा स्वतः घासून दिला. लाल वही कोनाड्यात शिक्क्यांच्या मागे ठेवली, ती पुन्हा कधी जीपमध्ये आली नाही. मग हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. एका गावाची खबर आली होती.

जीप निघाली तेव्हा मागे वळून मला म्हणाले, "काळी वही घेतली ना?"

घेतली होती.